रस्स्यातलं मटण, कढईतल्या नूडल्स

रविवारी किलोभर मटण शिजलं की वाटी-दीड वाटी उरतंच. कधी रस्सा संपतो आणि फोडी राहतात, कधी उलटं. सोमवार पाळणाऱ्या घरात ते मंगळवारपर्यंत फ्रीजमध्ये बसून राहतं आणि मग एवढंसं कोणाकोणाच्या ताटात वाढायचं हा प्रश्न येतो. तेच दीड वाटी मटण नूडल्समध्ये घातलं की दोन-तीन माणसांचं रात्रीचं जेवण होतं. पाणी उकळायला ठेवल्यापासून ताट वाढेपर्यंत पंचवीस मिनिटं लागतात. त्यातली कढईवरची जेमतेम सहा, बाकीची चिरण्या-निवडण्याची.

शिळ्या पोळीला किंवा भाताला फोडणी देतो त्याच जातीचं हे काम. फरक एवढाच, की शिळी पोळी मुळातच कोरडी असते. इथे ओलावा तिन्ही बाजूंनी येतो: उकडलेल्या नूडल्समधून, भाज्यांमधून आणि रस्स्यात मुरलेल्या फोडींमधून. घरच्या नूडल्स गाडीवरच्यासारख्या होत नाहीत म्हणून लोक सॉसच्या बाटल्या बदलत बसतात. दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो. खालची निम्मी कृती कढईत पाणी जाऊ नये म्हणूनच आहे.

मांस चालण्याजोगं आहे का

हे आधी, कारण इथे चूक झाली तर पुढची कृती वाचून उपयोग नाही. शिजलेलं मांस गॅसवरून उतरवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलेलं असावं. एप्रिल-मे महिन्यात, घरात ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर एका तासात. पातेलंच्या पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं तर मधला रस्सा कित्येक तास कोमट राहतो आणि जंतूंना तेवढंच हवं असतं. उथळ डब्यांमध्ये वाटून ठेवा. फ्रीज ४ अंशांच्या खाली असेल तर तीन दिवस धरून चाला.

रात्री पातेलं ओट्यावर झाकून ठेवायचं आणि सकाळी खळखळून उकळी आणायची, ही पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. उकळीने बहुतेक जंतू मरतात, पण काही जंतूंनी रात्रभरात सोडलेलं विष उकळूनही जात नाही. वासावर तर अजिबात विसंबू नका. वाटण, गरम मसाला आणि लसणाखाली बिघडलेला वास सहज दडतो. दिवसा वीज गेली आणि फ्रीज चार तासांहून जास्त बंद राहिला असेल, तर ते मांस टाकून द्या. जीव तुटतो, पण दुसरा इलाज नाही.

कुठलं उरलेलं कसं घ्यायचं

सगळ्यांत सोपं तंदुरी चिकन किंवा बाहेरून आणलेल्या कबाबांचे उरलेले तुकडे. ते कोरडेच असतात. हाडावरून सोडवायचे, बोटाएवढ्या लांबट पट्ट्या करायच्या, झालं. बिर्याणीतल्या चिकनलाही हेच लागू, फक्त चिकटलेली शितं झटकून घ्या.

मटण आणि चिकन सुकं यांना दोन मिनिटं जास्त लागतात. फोडी फ्रीजमधून काढल्या की गार असतानाच कापा. मटण शिजताना हाडाजवळच्या भागातून जो चिकट रस सुटतो तो गारठ्यात थिजतो, त्यामुळे गार फोड सुरीखाली स्वच्छ कापली जाते. तीच फोड गरम करून कापायला गेलात तर तिचे धागे सुटून भुगा होतो. मांसाचे धागे ज्या दिशेने धावतात त्याला आडवं कापा, साधारण अर्धा सेंटिमीटर जाडीचं. उभं कापलेलं मटण नूडल्सबरोबर चावताना दातात दोरीसारखं अडकतं. हाडं सोडवताना डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. मटणाच्या हाडाची बारीक कपची मसाल्यात दिसत नाही, बोटाला मात्र टोचते. लवंग, वेलदोडा, तमालपत्र, दालचिनीचा तुकडा हेही आत्ताच वेचा.

रस्स्यातलं मांस असेल तर खरी परीक्षा आहे. फोडी झाऱ्याने काढून चाळणीत दहा मिनिटं निथळत ठेवा आणि चिकटलेलं वाटण बोटाने निपटून घ्या. कोल्हापुरी असो की मालवणी, वाटणात भाजलेलं खोबरं असतं. मोठ्या आचेच्या लोखंडी कढईत ते अर्ध्या मिनिटात तळाला धरतं, करपतं आणि सगळ्या नूडल्सना कडवट चव देतं. म्हणून पातळसर लेप राहिला तर राहू दे, पण थर नको. उरलेला रस्सा नूडल्सवर ओतायचा मोह होईल, तो आवरा. तो वेगळा गरम करून वाटीत वाढा.

रस्स्यातली एक गोष्ट मात्र नक्की घ्या: वर थिजलेली तर्री. मटणाच्या रस्स्यावर फ्रीजमध्ये लालभडक चरबीचा थर बसतो, तो चमच्याने खरवडून निघतो. त्यातला एक मोठा चमचा मांस परतायला घेतला की रविवारच्या मसाल्याचा सगळा वास नूडल्समध्ये येतो आणि पाण्याचा थेंबही येत नाही. पूर्ण काम मात्र तर्रीवर करू नका. तिच्यातलं तिखट खूप तापलं की काळं पडतं आणि घरभर ठसका उठतो. जोडीला थोडं साधं तेलही घ्या.

खिमा असेल तर तो कढईत एकटाच चार-पाच मिनिटं परता. आधी वाफ येत राहील, मग ती थांबेल आणि दाणे सुटे होऊन कडेने तेल दिसू लागेल. तिथे तो तयार झाला. गोव्याकडचं विंदालू किंवा पोर्क रोस्ट उरलं असेल तर छानच, कारण डुकराचं मांस दुसऱ्यांदा परतलं तरी चरबीमुळे कोरडं पडत नाही. विंदालूमध्ये व्हिनेगर आधीच भरपूर असतं, त्यामुळे सॉसमधलं व्हिनेगर गाळा. उरलेल्या माशाच्या मागे लागू नका. कढईत तो मोडतो आणि काटे नूडल्समध्ये शोधणं म्हणजे शिक्षा.

साहित्य, दोन-तीन जणांसाठी

नूडल्स १५० ग्रॅम (हक्का नूडल्सची पाकिटं बहुधा याच वजनाची मिळतात), हाडं काढलेलं मांस दीड वाटी म्हणजे साधारण २०० ग्रॅम, कोबी दीड वाटी लांब चिरलेला, एक गाजर, एक ढोबळी मिरची, एक मध्यम कांदा, पातीच्या कांद्याच्या चार काड्या, आठ-दहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, दोन हिरव्या मिरच्या, तेल तीन मोठे चमचे.

सॉससाठी: सोया सॉस एक मोठा चमचा, लाल मिरचीचा सॉस दोन छोटे चमचे, व्हिनेगर एक छोटा चमचा, मिरपूड अर्धा छोटा चमचा, साखर पाव छोटा चमचा. हे सगळं गॅस पेटवायच्या आधी एका वाटीत कालवून ठेवा. मोठ्या आचेवर तीन बाटल्यांची झाकणं उघडत बसायला वेळ नसतो. तेवढ्यात कोबी बसतो.

मीठ यादीत नाही, ते मुद्दाम. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण दोन-अडीच ग्रॅम मीठ असतं, मांसात रविवारचं मीठ मुरलेलं असतं आणि नूडल्सच्या पाण्यातही आपण घालतो. शेवटी चाखून लागलं तर चिमूटभर घाला. आपल्याकडच्या दुकानांत जो सोया सॉस सर्रास मिळतो तो गडद असतो. एका चमच्याने रंग फिका वाटला म्हणून दुसरा ओतला की नूडल्स काळ्या आणि खारट दोन्ही होतात.

नूडल्स उकडणं

१५० ग्रॅमसाठी दोन लिटर पाणी. कमी पाण्यात सुटलेला स्टार्च दाट होतो आणि नूडल्सवर खळीसारखा बसतो. पाण्याला खळखळून उकळी आली की दीड छोटा चमचा मीठ घाला आणि नूडल्स सोडा. पहिलं अर्धं मिनिट हात लावू नका, मग काट्याने हलकेच मोकळ्या करा. पाकिटावर जी वेळ दिली असेल तिच्यापेक्षा एक मिनिट आधी एक काडी काढा आणि नखाने तोडा. मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. ठिपका नाहीसा होईपर्यंत थांबलात तर उशीर झाला, कारण त्या कढईत आणखी शिजायच्या असतात.

लगेच चाळणीत ओता आणि गार पाण्याच्या धारेखाली हाताने चोळून धुवा. यातून शिजणं थांबतं आणि वरचा चिकट स्टार्चही निघून जातो. चाळणी चार-पाच वेळा झटका. मग परातीत पसरून एक छोटा चमचा तेल चोळा आणि पंख्याखाली दहा मिनिटं ठेवा. पसरणं टाळून चाळणीतच ठेवल्या तर खालच्या नूडल्स पाण्यात भिजत राहतात आणि वरच्या एकमेकींना चिकटतात. बोटाला ओल न लागता नुसता तेलकटपणा लागला, की त्या कढईसाठी तयार.

सकाळी उकडून फ्रीजमध्ये ठेवलेल्या नूडल्स जास्त चांगल्या परततात, हेही सांगायला हवं. गार राहिल्याने त्या कडक आणि कोरड्या होतात. पण उकडलेल्या नूडल्स दिवसभर ओट्यावर ठेवू नका, भातासारख्याच त्याही बिघडतात.

पाकिटातल्या झटपट नूडल्स वापरायच्या असतील तर सांगितलेल्या वेळेच्या निम्म्या वेळातच काढा आणि मसाल्याची पुडी बाजूला ठेवा, खारटपणा हाताबाहेर जातो. तांदळाच्या नूडल्स उकळू नका. गरम पाण्यात पाच-सात मिनिटं भिजवून निथळा. आणि नूडल्स नसतीलच, तर दोन शिळ्या पोळ्यांची गुंडाळी करून बारीक पट्ट्या कापा. त्या शेवटी घालून मिनिटभर परता. मुलं तक्रार करत नाहीत.

भाज्या

सगळ्या लांब आणि एका जाडीच्या चिरा, काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोड्या जाड. गाजर किसू नका, किस पाणी सोडतो. कोबी धुतल्यावर स्वच्छ फडक्यात गुंडाळून पुसा. टोमॅटो नको. मशरूम घालायचे तर वेगळे परतून पाणी आटवून घाला. घरात फरसबी असेल तर दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढावी लागते, नाहीतर कढईतल्या दोन मिनिटांत ती कच्चीच राहते.

कढईवर

लोखंडी कढई हवी, शक्यतो रुंद तोंडाची. ती नसेल तर मोठा लोखंडी तवा चालतो, किंबहुना वाफ पटकन उडून जाते म्हणून बरा चालतो. नॉनस्टिक पॅन रिकामा असताना मोठ्या आचेवर तापवायचा नसतो, त्याचा लेप खराब होतो. तोच वापरायचा असेल तर तेल घालून मध्यम-मोठ्या आचेवर करा आणि गाडीवरच्या जळकट वासाची अपेक्षा सोडा. इंडक्शनवर कढई उचलून हेलकावू नका, उचलली की आच तुटते, उलथण्याने परता.

सगळ्यांत मोठा बर्नर पूर्ण उघडा. कढई रिकामीच दीड-दोन मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकला तर त्याची गोळी होऊन ती पळाली पाहिजे.

पहिल्यांदा मांस. एक छोटा चमचा तेल आणि एक मोठा चमचा तर्री (तर्री नसेल तर तेवढं तेल), त्यावर मांसाच्या पट्ट्या एका थरात पसरा. चाळीस सेकंद हलवू नका. कडा तांबूस झाल्या की उलटा, आणखी तीस-चाळीस सेकंद, आणि ताटलीत काढा. मांस आतपर्यंत चटका बसेल इतकं गरम व्हायला हवं. स्वयंपाकाचा तापमापक असेल तर ७४ अंश. पण ते शिजवायचं नाही, ते कधीच शिजलंय. पहिल्या शिजण्यात त्याचे धागे आवळून बराच रस बाहेर गेलेला असतो. आता पाच मिनिटं आचेवर ठेवलं तर उरलेलाही जातो आणि चिकनच्या छातीचा तुकडा खोडरबर होतो. म्हणूनच ते आधी परतून बाजूला काढायचं.

कढईच्या तळाला वाटण चिकटलं असेल तर ते उलथण्याने खरवडून कागदाने पुसा. ही अर्ध्या मिनिटाची खटपट चुकवू नका. उरलेले काळे कण पुढे प्रत्येक घासात येतात.

पुन्हा कढई तापवा, दोन मोठे चमचे तेल घाला. धूर दिसू लागला की बारीक चिरलेला लसूण, आलं, मिरची. पंधरा सेकंद, जास्त नाही; लसूण सोनेरी व्हायच्या आधीच कांदा घाला, म्हणजे तो करपणार नाही. कांदा अर्धं मिनिट. मग गाजर आणि ढोबळी मिरची, एक मिनिट. शेवटी कोबी, पाऊण मिनिट.

इथे कान द्या. भाजी पडली की चर्रर्र आवाज व्हायला हवा आणि तो तसाच चालू राहायला हवा. आवाज उतरून रटरट ऐकू आली, म्हणजे भाज्यांनी पाणी सोडलं आणि कढईत आता परतणं थांबून उकडणं सुरू झालं. तसं झालं तर लगेच अर्धी भाजी ताटात काढा, उरलेलीवर आवाज परत येऊ द्या, मग काढलेली घाला. झाकण कुठल्याही टप्प्यावर ठेवायचं नाही.

आता नूडल्स, हाताने मोकळ्या करत, एकाच ठिकाणी ढीग न करता. पाऊण मिनिट खालून वर उचलत परता. उलथण्यापेक्षा एका हातात चिमटा आणि दुसऱ्यात झारा घेतला तर नूडल्स तुटत नाहीत. मग सॉसची वाटी नूडल्सवर न ओतता कढईच्या उघड्या तापल्या कडेवरून गोल फिरवून सोडा. तापल्या लोखंडाला लागताच त्यातलं पाणी उडतं, साखर आणि सोया किंचित जळतात आणि गाडीवरच्या नूडल्सचा जो वास आपण शोधत असतो त्यातला बराच भाग इथे तयार होतो. घरच्या गॅसला हॉटेलच्या भट्टीची ताकद नसते. हा त्यावरचा उतारा. मांस परत घाला, तीस सेकंद एकत्र करा, गॅस बंद करा, कांद्याची पात पसरा.

पाहुणे आले म्हणून दुप्पट माप एकाच कढईत घालू नका. ३०० ग्रॅम नूडल्सनी कढई एकदम गार पडते. दोन घाणे करा, प्रत्येकी सहा मिनिटं. एकच मोठा घाणा पंधरा मिनिटं घेतो आणि शेवटी लगदाच होतो.

बिघडलं तर

नूडल्स गिचका झाल्या: जास्त शिजल्या किंवा ओल्या पडल्या. ढवळू नका. अर्ध्या बाहेर काढा, उरलेल्या तव्यावर पसरून न हलवता दीड मिनिट ठेवा, खालून कुरकुरीत होऊ द्या आणि उलटा. नूडल्सचा खमंग घावन झाला असं समजून वर मांस वाढा.

खारट झालं तर पाणी घालून सुधारायला जाऊ नका. मूठभर कच्चा कोबी आणि एक फोडलेलं अंडं वेगळं परतून त्यात मिसळा. अंडं खारटपणा पोटात घेतं.

नूडल्स कढईला चिकटल्या तर कढई पुरेशी तापली नव्हती किंवा नूडल्सवर स्टार्च राहिला होता. कडेने एक छोटा चमचा तेल सोडून वीस सेकंद थांबा, मग सुटतात.

चव सपाट वाटली तर मीठ न वाढवता आधी अर्धा चमचा व्हिनेगर घालून बघा. शिळ्या मसाल्याला आंबट लागतं. मटणाच्या नूडल्सवर तर लिंबू पिळलेलंही चालतं, चिनी पद्धतीत बसो वा न बसो. अजिनोमोटो घालायचा असेल तर दोन चिमटी पुरे. मांसाच्या रसात तशी चव मुळातच असते, त्यामुळे इथे त्याची उणीव फारशी जाणवत नाही.

बरोबर द्यायला व्हिनेगरमधल्या मिरच्या करा: दोन हिरव्या मिरच्या गोल चिरून त्यावर पाव वाटी व्हिनेगर आणि चिमूटभर मीठ, साखर. नूडल्सचं पाणी उकळायला ठेवताना केल्या तर जेवायच्या वेळी मुरलेल्या असतात.

एवढं करूनही ताटात नूडल्स उरल्या, तर त्यांना तिसरा जन्म देऊ नका. हे मांस एकदा शिजलं, गार झालं, पुन्हा तापलं. आता ते संपवायचं. आणि पुढच्या वेळची सोय आजच करायची असेल तर ती रविवारी रात्री: हाडं काढून २०० ग्रॅमची चपटी पाकिटं बांधा, तारीख लिहा, फ्रीझरमध्ये टाका. दोन महिने चव टिकते. वापरायच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा आणि सुटलेलं पाणी आठवणीने ओतून द्या.

कढई गरम असतानाच धुवा. सोया आणि व्हिनेगर रात्रभर राहिले तर लोखंडावर बसलेला तेलाचा थर उतरतो आणि सकाळी तळाला तांबूस गंज दिसतो. गरम पाणी, नारळाची शेंडी, साबण नावापुरता. मग गॅसवर ठेवून पूर्ण कोरडी करा आणि तेलाचा बोळा फिरवा.